अंतर मोजणारा पहारेकरी

वैशाख सरत आलेला असतो. दिवसभर तापलेल्या नाशिक शहरावर संध्याकाळीं त्र्यंबकेश्वराच्या बाजूनें काळे ढग चढूं लागतात, वारा सुटतो आणि दूर डोंगरांमागें वीज चमकते. घरांत दिवे लागलेले असतात; कोणी वाचीत असतें, कोणी स्वयंपाकांत गुंतलेलें असतें. इतक्यांत दिवे एकाएकीं मंद होतात, पंख्याचा सूर उतरतो, आणि 'गेली वीज' असें कोणी म्हणेपर्यंत सर्व कांहीं पूर्ववत् होतें. घरांतील माणसें क्षणभर वर पाहतात व पुन्हां आपापल्या कामाला लागतात. झालें काय, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

चौकशी केली तर मात्र एक चमत्कारिक गोष्ट कळून येते. दिवा मंद झाला, याचें कारण दूर कोठें तरी डोंगरांत विजेच्या मोठ्या वाहिनीवर आकाशांतील वीज कोसळली, आणि त्या ठिकाणीं वाहिनींतील प्रवाहाला जमिनींत उतरण्यास वाट मिळाली. एवढें कोणासही पटेल. परंतु दिवा पुन्हां उजळला, तो कोठें कांहीं जोडलें गेलें म्हणून नव्हे, तर कांहीं तोडलें गेलें म्हणून. दोष झालेली वाहिनी दोन्ही टोकांना तोडून बाकीच्या जाळ्यापासून अलग करण्यांत आली, आणि त्यामुळेंच उरलेल्या जाळ्यांतील विजेचा दाब सांवरला.

या साऱ्या व्यवहाराला लागलेला वेळ बहुधा एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो. तेवढ्या वेळांत घंटा ऐकून धांवत जाऊन खटका ओढणें कोणाही माणसाला शक्य नाहीं. तें काम 'रिले' या नांवाचें उपकरण करतें. रिलेचे प्रकार पुष्कळ आहेत; त्यांपैकीं लांबच्या वाहिन्यांवर ज्याच्यावर मोठा भरंवसा ठेवला जातो, तो अंतरमापक रिले होय. उपकेंद्रांत जागच्या जागीं राहून दोष किती दूर झाला आहे हें तो ओळखतो, आणि तो दोष आपल्या हद्दींतला आहे कीं दुसऱ्याच्या, हें ठरवून मगच वाहिनी तोडण्याचा हुकूम देतो. तोडणें हें त्याच्या कामांतील सोपें अंग आहे. कधीं तोडूं नये हें ओळखणें कठीण. आणि तेथें चूक झाली तर काय होतें, याचा अनुभव आपल्या देशानें २०१२ सालीं घेतलेला आहे.

प्रथम ही वाहिनी म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. नाशिक शहरापासून थोड्याच अंतरावर एकलहरें येथें कोळशावर चालणारें वीज-उत्पादन केंद्र आहे. १९७० व १९७१ सालीं तेथें पहिले दोन संच सुरू झाले. ते आतां निकालांत निघाले आहेत. पुढें १९७९ ते १९८१ या काळांत प्रत्येकीं २१० मेगॅवॅटचे आणखी तीन संच उभे राहिले. येथून २,२०,००० व्होल्ट दाबाच्या वाहिन्या एकीकडे सह्याद्रि उतरून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्याकडे, तर दुसरीकडे अहिल्यानगर जिल्ह्यांतील बाभळेश्वराकडे जातात. बाभळेश्वर व पडघा यांच्यामध्यें याहूनही मोठ्या, ४,००,००० व्होल्टांच्या वाहिन्या आहेत. अशा शेंकडों वाहिन्यांचें मिळून एक जाळें झालेलें आहे. त्यामुळें एकलहऱ्याचा संच बंद पडला तरी नाशकांतील दिवा विझत नाहीं. तो चंद्रपूरच्या कोळशावर किंवा कोयनेच्या पाण्यावर जळत राहतो.

जाळ्याचा हा मोठाच गुण आहे. परंतु मोठी अडचणही त्यांतूनच उद्भवते. तळ्याच्या बांधाला कोठेंही भगदाड पडलें, तर सर्व बाजूंचें पाणी त्याच जागेकडे धांव घेतें. जाळ्यांतील एका तारेचा जमिनीशीं संबंध आला, कीं सर्व जनित्रें त्या एकाच जागीं वीज ओतूं लागतात. नेहमीं पांचशें अँपिअर वाहणाऱ्या तारेंतून चार-पांच हजार अँपिअरचा लोंढा सुटतो, आणि आसपासच्या साऱ्या मुलखांत दाब खचतो. दिवा मंद होतो तो याच वेळीं.

उघड्या रानांतून जाणाऱ्या तारांना शत्रूही पुष्कळ. निफाडच्या बाजूस ऊंस तुटून गेल्यावर शेतांत पाचट पेटवितात. ज्वाळा तारांखालीं उंच चढल्या, कीं तापलेली हवा विजेला अडवून धरीत नाहीं आणि तारेवरून ठिणगी झेंप घेते. येवल्यास संक्रांतीला पतंगांचा मोठा उत्सव असतो. भिजलेला किंवा धातूचा अंश असलेला मांजा तारांत अडकला, तर तो विजेला वाट करून देतो. चिनीमातीच्या निरोधकांवर सांचलेली धूळ पहांटेच्या दंवानें ओली झाली तरी तोच परिणाम होतो. वळवाच्या दिवसांत आकाशांतील वीज तर आहेच.

यांपैकीं बहुतेक दोष क्षणिक असतात. वीज कोसळून जाते, मांजा जळून जातो. परंतु एकदां पेटलेली ठिणगी आपण होऊन विझत नाहीं. तारेंतील प्रवाह तिला जळत ठेवतो. ती विझवावयाची तर तारेंतील वीज क्षणभर तरी काढून घेतली पाहिजे. यांत ढिलाई करून चालत नाहीं, कारण जाळ्यांतील सर्व जनित्रें एका तालांत फिरत असतात. टिपऱ्यांच्या खेळांत एकाचा ताल चुकला तर शेजारच्याची टिपरी हुकते आणि सारा फेर विस्कटतो. तसेंच येथें होतें. दोष रेंगाळला, तर त्याच्या जवळचीं जनित्रें भार कमी झाल्यामुळें पुढें धांवूं लागतात, दूरचीं मागें राहतात, आणि एकदां तीं एकमेकांपासून सुटलीं, कीं त्यांना पुन्हां तालावर आणणें दुरापास्त होतें. आपल्याकडील विजेचीं आवर्तनें सेकंदाला पन्नास. म्हणजे एका आवर्तनाला सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागतो. अशा चार-पांच आवर्तनांच्या आंत दोष दूर व्हावा, अशी अपेक्षा असते.

घरच्या फ्यूजनें हें काम कां होत नाहीं, असा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. फ्यूजची तार प्रवाह वाढला कीं वितळते, एवढेंच तिला कळतें. घरांत तें पुरतें, कारण तेथें वीज एकाच बाजूनें येते. जाळ्यांत ती दोन्ही बाजूंनीं येते, आणि दोष एका वाहिनीवर झाला तरी आजूबाजूच्या दहा वाहिन्यांतून प्रवाह वाढतो. प्रवाह वाढला एवढ्यावरून प्रत्येकानें आपापली वाहिनी तोडली, तर एका तारेच्या दोषापायीं अर्धा जिल्हा अंधारांत जाईल. जुन्या काळीं यावर उपाय म्हणून प्रत्येक रिलेला ठराविक विलंब लावून देत: सर्वांत दूरच्यानें आधीं तोडावें, त्याच्या अलीकडच्यानें अर्ध्या सेकंदानें, त्याच्याही अलीकडच्यानें आणखी अर्ध्या सेकंदानें. पण त्याचा परिणाम उलटाच होई. उत्पादन केंद्राच्या अगदीं दारांत दोष झाला, म्हणजे प्रवाह जेथें सर्वांत भयंकर, तेथेंच तो सर्वांत उशिरां तुटे.

महाराष्ट्रांत १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईस सुमारें एक लाख व्होल्ट दाबानें वीज जाऊं लागली, तेव्हां अंतर मोजणारा रिले अस्तित्वांत नव्हता. १९२३ सालीं क्रिक्टन या अमेरिकन इंजिनिअरानें तेथील विद्युत्-इंजिनिअरांच्या संस्थेपुढें एक निबंध मांडला, आणि अंतरमापक रिलेची कल्पना प्रसिद्धीस आली. ती कल्पना ऐकावयास अगदीं साधी आहे.

विहिरीचें पाणी किती खोल आहे हें पाहावयाचें तर माणूस विहिरींत उतरत नाहीं. पोहरा सोडतो आणि किती हात दोर गेला तें मोजतो. वाहिनीची तार हाच येथें दोर आहे. विजेला वाहूं देण्यास तार थोडाबहुत विरोध करते. त्याचा एक भाग म्हणजे रोध. यामुळें तार तापते. दुसरा भाग म्हणजे अवरोध. हा तारेभोंवतीं उत्पन्न होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळें येतो आणि उच्चदाबाच्या वाहिनींत तोच वरचढ असतो. दोन्ही मिळून जो होतो तो संरोध. संरोध ओहम या मापानें मोजतात, आणि तार जितकी लांब, तितका तो अधिक. एका किलोमीटरला साधारणपणें ०.४ ओहम धरला, तर शंभर किलोमीटरच्या वाहिनीचा संरोध ४० ओहम होईल.

आतां साठाव्या किलोमीटरवर तार जमिनीला टेकली अशी कल्पना करावी. उपकेंद्रापासून तेथपर्यंत संरोध २४ ओहम. त्या वेळीं उपकेंद्रांत दाब ९६,००० व्होल्ट आणि तारेंतील प्रवाह ४,००० अँपिअर भरला, तर दाबाला प्रवाहानें भागतांच उत्तर येतें २४. हाच दोष एखाद्या मध्यरात्रीं, निम्मे संच बंद असतांना झाला, तर प्रवाह कमी पडेल, समजा २,००० अँपिअर; पण दाबही त्याच मानानें खालीं येऊन ४८,००० व्होल्ट होईल, आणि भागाकार पुन्हां २४ च राहील. या युक्तीचें सारें मर्म येथें आहे. प्रवाह किती आणि दाब किती हें परिस्थितीवर अवलंबून असतें. दोहोंचा भागाकार मात्र केवळ अंतरावर. दोष नसतांना हाच भागाकार पुष्कळ मोठा येतो: १,२७,००० व्होल्टांना ५०० अँपिअरनीं भागलें तर २५४. म्हणजे रिलेच्या दृष्टीनें दोष 'फार दूर' आहे, अर्थात् नाहींच. दोष जमिनीशीं झाला असतां प्रवाह जमिनींतून परत येतो. त्या वाटेचाही हिशेब या गणितांत धरावा लागतो, परंतु तत्त्व तेंच.

एवढा दाब व प्रवाह रिलेपर्यंत थेट नेणें अर्थातच शक्य नाहीं. त्यासाठीं वाहिनीच्या मुखाशीं लहान रोहित्रें बसवितात. तीं दाब ११० व्होल्टांवर आणि प्रवाह एक-दोन अँपिअरच्या घरांत उतरवून ठेवतात. मूळ आकडे आणि हे लहान आकडे यांचें प्रमाण ठराविक असल्यामुळें भागाकाराला बाध येत नाहीं.

पहिल्या रिल्यांना गणित करतां येत नव्हतें; तीं तागडीसारखीं असत. दांडीच्या एका टोकाशीं प्रवाहाचें वेटोळें, दुसऱ्या टोकाशीं दाबाचें. दाब दांडी धरून ठेवी, प्रवाह ती ओढी. प्रवाहाची ओढ दाबापेक्षां वरचढ झाली, म्हणजेच भागाकार ठरलेल्या आंकड्याच्या खालीं आला, कीं दांडी कलून संपर्क जुळे. मात्र दोष समोर आहे कीं पाठीमागें, हें या तागडीला कळत नसे. दाब व प्रवाह यांच्या लाटांपैकीं कोणती किती मागें आहे हें पाहून दिशा ठरवितां येते, आणि पुढच्या सुधारलेल्या रिल्यांनीं अंतर व दिशा दोन्ही एकाच वेळीं पाहण्याची सोय केली. आजचा रिले म्हणजे एक लहानसें गणकयंत्रच आहे. तो प्रत्येक आवर्तनांत कित्येकदां दाब व प्रवाह टिपून भागाकार करीत असतो, आणि एका आवर्तनाच्या सुमारास निकाल देतो.

आतां हद्दीचा प्रश्न. शंभर किलोमीटरच्या वाहिनीवरील रिलेनें शंभर किलोमीटरपर्यंतचे सर्व दोष तत्काळ तोडावे, असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण मापांत थोडी चूक राहतेच. लहान रोहित्रांत चूक असते, वाहिनीच्या संरोधाचा आकडाही अगदीं तंतोतंत नसतो. अठ्ठ्याण्णव आणि एकशेंदोन किलोमीटर यांतील भेद रिलेला खात्रीनें सांगतां येत नाहीं, आणि एकशेंदोनावर शेजाऱ्याची हद्द लागते. म्हणून त्याची पहिली हद्द साधारण ऐंशी टक्क्यांवरच थांबवितात. तिच्या आंतला दोष निःसंशय आपला. तेथें क्षणाचाही विलंब नाहीं. दुसरी हद्द वाहिनीचें टोक ओलांडून थोडी पुढें, एकशेंवीस टक्के किंवा अधिक ठेवतात. पण तेथें रिले सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक वेळ थांबतो. दोष शेजाऱ्याचा असेल तर तेवढ्यांत शेजाऱ्यानें तोडलेला असतो. तिसरी हद्द शेजारची सारी वाहिनी कवेंत घेईल इतकी लांब. तेथें सेकंदभर किंवा त्याहून अधिक वाट पाहावयाची, आणि शेजारी झोंपीं गेला असेल तरच हात घालावयाचा.

जुन्या वाड्यांच्या आळींतील रखवालदाराची रीत अशीच असे. आपल्या आळींत आवाज आला तर तो लागलाच धांवे. वेशीपाशीं आला तर जरा कानोसा घेई. पलीकडच्या आळींत आला तर तेथला रखवालदार उठतो कीं नाहीं हें पाही, आणि कोणीच हालेना असें झालें म्हणजे स्वतः जाई.

पहिल्या हद्दीबाहेर राहिलेल्या वीस टक्क्यांचीही सोय करतां येते. तो भाग दुसऱ्या टोकाच्या रिलेला जवळचा असतो, आणि दोन्ही टोकांचे रिले एकमेकांना निरोप धाडूं शकतात. पूर्वीं हा निरोप उच्च कंपनसंख्येच्या लहरींच्या रूपानें वाहिनीच्या तारेवरूनच जाई. आतां पुष्कळ ठिकाणीं मनोऱ्यांच्या माथ्यावरील भूतारेच्या पोटांत घातलेल्या कांचतंतूंतून प्रकाशाच्या रूपानें जातो. 'मला दोष समोर दिसतो आहे' असें दोघांनींही म्हटलें, तर तो दोघांच्या मध्यें आहे हें उघड होतें आणि थांबण्याचें कारण उरत नाहीं.

रिले हुकूम देतो. तोडण्याचें बळाचें काम ब्रेकर करतो. रिलेचा संपर्क जुळतांच ब्रेकरच्या वेटोळ्यांत प्रवाह जातो, खिळ सुटते, आणि दाबून ठेवलेल्या स्प्रिंगच्या जोरावर आंतील संपर्क विलग होतात. हा प्रवाह उपकेंद्रांतील बॅटरींतून घेतात. कारण जाळ्यांतील वीज खचली असतांनाच हें काम करावयाचें असतें, आणि बुडत्याच्याच हातांत दोर देऊन उपयोग नाहीं. विलग झालेल्या संपर्कांमध्यें ठिणगीचा झोत पेटतो. आजच्या ब्रेकरांत सल्फर हेक्झाफ्लोराइड नांवाच्या वायूचा जोराचा फवारा त्यावर सुटतो, आणि प्रवाहाची लाट शून्यावर येते त्या क्षणीं झोत विझतो. दोन-तीन आवर्तनांत हें सर्व उरकतें. अतिउच्च दाबाचे असे ब्रेकर नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतींत तयार होतात. आणि ब्रेकरच उघडला नाहीं तर? तर तेंही ओळखणारा दुसरा रिले असतो; तो सुमारें सेकंदाच्या पांचव्या हिश्शांत आसपासचे सर्व ब्रेकर उघडावयास लावतो.

तीन तारांपैकीं एकीवरच दोष असेल, तर मोठ्या वाहिन्यांवर पुष्कळदां तेवढी एकच तार तोडतात. सेकंदभरांत ठिणगीची तापलेली हवा निवते, आणि ब्रेकर आपण होऊन पुन्हां मिटतो. दोष गेलेला असेल तर वाहिनी कामाला लागते. नसेल तर ती पुन्हां, आणि या वेळीं कायमची तुटते.

येथपर्यंत सारें समाधानकारक दिसतें. अडचण आहे ती तिसऱ्या हद्दींत. रिलेला वाहिनी दिसत नाहीं. त्याला फक्त एक भागाकार दिसतो. दाब खालीं आला आणि प्रवाह वाढला, कीं तो भागाकार लहान होतो. पण हें दोन कारणांनीं घडूं शकतें: दूरवर दोष झाला म्हणून, किंवा वाहिनीवर भलताच भार पडला म्हणून. पहिल्या वेळीं तोडणें हें कर्तव्य. दुसऱ्या वेळीं तोडणें हा अनर्थ. कारण ज्या वाहिनीवर फार भार आहे, ती तोडली कीं तो भार नाहींसा होत नाहीं, तर शेजारच्या वाहिन्यांच्या खांद्यावर जातो. त्याही वांकलेल्या असतात. त्यांच्यावरील रिलेंनाही तोच आभास होतो.

नकाशाच्या साह्यानें हें अधिक स्पष्ट होईल. कागदाच्या मध्यावर उपकेंद्र मांडावें. पूर्वेकडे रोध आणि उत्तरेकडे अवरोध मोजावा. वाहिनीवरील दोषाचा बिंदु बहुतेक उत्तरेकडे, किंचित् पूर्वेस झुकलेला पडतो. भाराचा बिंदु दूर पूर्वेस पडतो. रिलेची हद्द जुन्या रीतीनें वर्तुळाकार असते. लहान वर्तुळ पूर्वेकडे फारसें पसरत नाहीं. परंतु उत्तरेकडे लांबवर पोंचावें म्हणून तें मोठें केलें, कीं त्याचें पोट पूर्वेकडेही सुटतें. इकडे भार वाढत व दाब घटत गेला, म्हणजे भाराचा बिंदु पूर्वेकडून सरकत सरकत मध्याकडे येतो. आणि एखाद्या दिवशीं तो तिसऱ्या वर्तुळांत पाऊल टाकतो. त्या क्षणीं कोठेंही दोष नसतो. पण रिलेच्या लेखीं तो असतो.

९ नोव्हेंबर १९६५ रोजीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत नायगाऱ्याच्या जलविद्युत् केंद्राच्या पांच वाहिन्यांपैकीं एकीवर असेंच घडलें. तेथील मदतनीस रिलेची मर्यादा पूर्वींच ठरविलेली होती. मध्यंतरीं भार वाढत गेला होता. एक वाहिनी तुटतांच उरलेल्या चार कांहीं क्षणांत तुटल्या, आणि न्यू यॉर्क शहरासह सुमारें तीन कोटी लोकांची वीज गेली. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंतील ओहायओ राज्यांत सॅमिस-स्टार या वाहिनीवरील रिलेनें तिसऱ्या हद्दींत भाराला दोष समजून ती तोडली, आणि त्या दिवशींचा अंधार सुमारें पांच कोटी लोकांपर्यंत पोंचला.

आपल्याकडची गोष्ट याहून मोठी आहे. २०१२ च्या जुलै अखेरीस उत्तर भारतांत विजेची मागणी जबर होती, पश्चिमेकडे मागणी कमी होती, आणि त्यामुळें पश्चिमेकडून उत्तरेकडे विजेचा मोठा ओघ चालू होता. दोहोंना जोडणाऱ्या कित्येक वाहिन्या निरनिराळ्या कारणांनीं बंद होत्या. मध्यप्रदेशांतील बीना व ग्वाल्हेर यांमधील ४,००,००० व्होल्टांच्या वाहिनीवर त्यामुळें फाजील भार आला. ३० जुलैच्या पहांटे २ वाजून ३३ मिनिटांनीं तिच्यावरील अंतरमापक रिलेनें तिसऱ्या हद्दींत दोष मानला, आणि वाहिनी तोडली. पुढच्या कांहीं सेकंदांत उत्तरेचें सारें जाळें कोलमडलें; सुमारें ३६,००० मेगॅवॅट भार अंधारांत गेला. तें सांवरतें न सांवरतें तोंच ३१ जुलैला दुपारीं एकच्या सुमारास तीच वाहिनी तशाच कारणानें पुन्हां तुटली, आणि या खेपेस उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तिन्ही जाळीं मिळून सुमारें ४८,००० मेगॅवॅट भार गेला. आगगाड्या वाटेंत उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली. चौकशी-समितीनें नोंदी तपासल्या, तेव्हां त्या वाहिनीवर दोषाचें कांहींच चिन्ह आढळलें नाहीं. रिले बिघडलेला नव्हता. त्याला जें सांगितलें होतें, तेंच त्यानें केलें होतें. पश्चिमेचें जाळें या दोन्ही दिवशीं उभें राहिलें, म्हणून नाशकांत व मुंबईंत दिवे जळत राहिले.

मग तिसरी हद्द काढूनच टाकावी काय? तसें केल्यास शेजारचा रिले किंवा ब्रेकर खरोखरच झोंपला असतां दोष जळत राहील. उलट ती फार आंखडली, तर झाडाच्या फांदीतून किंवा उंसाच्या आगींतून होणारे दोष निसटतात; कारण तेथें ठिणगीचा रोध मधें येऊन दोषाचा बिंदुही पूर्वेकडे ढकलला जातो. एका बाजूस भित्रेपणा, दुसऱ्या बाजूस आंधळेपणा. मधली वाट काढावयाची असते.

ती काढण्याचे उपाय आज हाताशीं आहेत. गणक-रिलेची हद्द वर्तुळच असली पाहिजे असें नाहीं. पूर्वेकडे, भार जेथें वावरतो तेवढा भाग, तिच्यांतून कापून वगळतां येतो. दुसरा उपाय वेगाचा. दोष झाला, कीं बिंदु एका उडीसरशीं हद्दींत येतो. जनित्रांच्या तालांत हेलकावा बसला, तर तो चालत चालत येतो. उडी मारून आला कीं चालत आला हें पाहून रिलेला आपला हात आवरतां येतो. तिसरा उपाय म्हणजे दोन्ही टोकांचे प्रवाह कांचतंतूंवरून ताडून पाहणें. जितका आंत गेला तितका बाहेर पडला, तर मध्यें दोष नाहीं, मग भार कितीही असो.

परंतु हे सर्व आकडे रिले स्वतः ठरवीत नाहीं. हद्द कोठें, विलंब किती, कापून वगळावयाचा भाग केवढा, हें इंजिनिअर कागदावर गणित करून ठरवितो, आणि एखादी नवी वाहिनी जोडली गेली, एखादें केंद्र बंद झालें किंवा शहराचा भार वाढला, कीं तें गणित पुन्हां करावें लागतें. सातपूर-अंबडचे कारखाने, द्राक्षांचीं शीतगृहें, विहिरींवरचे पंप असा नाशिकचा भार गेल्या अर्ध्या शतकांत वाढत आला आहे. आकडे मात्र कोणी बदलल्यावांचून बदलत नाहींत. १९६५ चा धडा हाच होता, आणि २०१२ चाही थोड्याफार फरकानें हाच आहे.

या मोजमापाचा आणखी एक लहानसा उपयोग सांगण्यासारखा आहे. वाहिनी तुटली, कीं रिले आपल्या पडद्यावर दोषाचें अंतरही किलोमीटरांत दाखवितो. सकाळीं वाहिनीवरचे कामगार तो आकडा घेऊन निघतात. घाटांतील झाडींत मनोऱ्यामागून मनोरा चढून पाहण्याऐवजीं ते नेमक्या दोन-चार मनोऱ्यांपाशीं जातात, आणि वर चढून तडकलेला, काळवंडलेला निरोधक शोधून काढतात व बदलतात.

म्हणून वळवाच्या एखाद्या संध्याकाळीं दिवा क्षणभर मंद होऊन पुन्हां लागला, तर वीज खात्याला दोष देण्याची घाई करूं नये. कोठल्या तरी उपकेंद्रांत एका पहारेकऱ्यानें भागाकार केला, दोष आपल्या हद्दींत आहे असें पाहिलें आणि वाहिनी तोडली. आणि ज्या शेंकडों संध्याकाळीं दिवा मुळींच मंद झाला नाहीं, त्या वेळींही तो भागाकार करीतच होता, आणि तोडण्याचें कारण नाहीं असें ठरवीत होता.